साळवे टीचरांचं गेट

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मार्था साळवे हे नाव घेतो. आई होती तोवर तिच्यासमोरही घ्यायचो, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. ती म्हणायची, "मी जल्म दिला. त्या बाईनं तो राखला."

नाशिकच्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये साळवे टीचर पी.टी. आणि आरोग्य हे विषय शिकवत. त्या मूळच्या संगमनेरकडच्या, मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या. लग्न केलेलं नव्हतं. ठेंगण्या होत्या, पण चालायच्या अशा की उंच माणसांना त्यांच्याबरोबर पळावं लागे. करड्या काठाची पांढरी साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. गळ्यात दोन दोऱ्या असायच्या. एकीला क्रूस, दुसरीला शिट्टी. घाईत कधी कधी शिट्टीऐवजी क्रूसच ओठांपर्यंत जायचा. मग त्या तसाच त्याचा मुका घेऊन शिट्टी शोधायच्या, आणि तेवढ्या वेळात पळणारी मुलं निसटायची.

शाळेच्या कॅलेंडरच्या मागच्या पानांवर नियम छापलेले होते. नखं वाढवायची नाहीत. केस कॉलरला टेकू द्यायचे नाहीत. रुमाल रोज धुतलेला हवा. गेटबाहेरच्या गाडीवरची बोरं, चिंचा, बर्फाचा गोळा खायचा नाही. ताप, खरूज, कांजिण्या, गालगुंड, डोळे आलेले, यांपैकी काहीही असेल तर शाळेत यायचं नाही. फादर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हे नियम वर्षाच्या सुरुवातीला एकदा वाचून दाखवत. बाकीचं वर्षभर ते टीचरांच्या ताब्यात असत. त्यांच्या कमरेला चाव्यांच्या जुडग्यात एक नेलकटर होता. सोमवारी त्याचा आवाज प्रार्थनेच्या रांगेतून पुढे पुढे सरकत यायचा आणि शेवटच्या रांगेतली मुलं दातांनीच नखं कुरतडायला लागायची. त्या पकडायच्या. "पोटात गेलं ना आता? तिथं कोण कापणार, मी?"

पण त्यांची खरी जागा गेटवर होती. सकाळी आत शिरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कानामागे, मानेच्या बाजूला, त्या हाताची पालथी बाजू टेकवायच्या. क्षणभरच. मुलगा चालतच असायचा, हात सरकून पुढच्यावर जायचा. शेकडो मुलं अशी त्या हाताखालून जायची. कपाळाला मात्र त्या कधी हात लावत नसत. आम्हाला वाटायचं, पी.टी.च्या बाईंची काहीतरी पद्धत असेल.

मी आठवीत त्या शाळेत आलो. तिथं मराठी माध्यमाची एक तुकडी होती. माझे वडील विंचूरच्या कांदा मार्केटात हमाल होते. मी नाशकात मामाकडे राहणार होतो. मामा सातपूरच्या कारखान्यात कामाला होता. पहिल्या दिवशी वडील मला सोडायला आले, तेव्हा टीचरांनी माझ्या मानेला हात लावला आणि चुकून, सवयीने, पाठोपाठ येणाऱ्या वडिलांच्याही मानेला लावला. वडील दचकून मागे झाले. टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. जा." वडील घरी जाऊन हे सगळ्यांना सांगत बसले.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजीने मला जवळ बसवून विचारलं. आम्ही बौद्ध. आजीला गावात लांबून, वरून पाणी ओतणारे हात माहीत होते.

"समद्यांच्या मानेला हात लावती ती बाई?"

"सगळ्यांच्या."

"तुझ्याबी?"

"माझ्यापण. बाबांच्या पण."

आजीने माझ्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंग तिथंच शिक."

बाहेरगावच्या मुलांना टीचर गावाच्या नावाने हाक मारत. माझं नाव त्यांच्या लेखी 'विंचूर' झालं ते कायमचंच. सटाण्याचा एक मुलगा होता, तो 'सटाणा'. आम्ही दोघं एकदा बोरं खाताना सापडलो, तर त्यांनी आमच्या तळहातावर बोरांच्या बिया मोजून ठेवायला लावल्या आणि त्या मुठीत धरून दिवसभर वर्गात बसवलं. शाळा सुटताना म्हणाल्या, "आता लावा नेऊन. विंचूरला एक झाड, सटाण्याला एक झाड."

त्या कुणालाच सोडत नसत. एका मोठ्या द्राक्ष बागायतदाराचा मुलगा मोटारीतून यायचा. त्याला गालगुंड झालं असताना वडिलांनी मफलर गुंडाळून पाठवलं. टीचरांनी मफलरमध्ये हात घातला आणि त्याला होता तसा मोटारीत परत बसवला. वडील भांडायला आले. टीचर म्हणाल्या, "माझ्याशी भांडा. तापाशी भांडू नका. शाळा कुठं जात नाही." हे त्यांचं नेहमीचं वाक्य, शाळा कुठं जात नाही. खुद्द फादर एकदा सर्दीने लाल डोळे घेऊन गेटातून आत येत होते. टीचरांचा हात आपोआप पुढे गेला, फादरांच्या मानेला लागला, आणि त्या म्हणाल्या, "फादर, घरी." फादरांनी इकडे तिकडे पाहिलं. आम्ही सगळे बघत होतो. ते वळून निवासाकडे चालू लागले. त्या दिवशी प्रार्थना टीचरांनी घेतली.

एवढं सगळं मजेत सांगता येतं. पण त्या गेटवर आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्यांच्याबद्दल मुलं हळू आवाजात बोलत.

एक म्हणजे डाव्या खांबाजवळ भिंतीतून वीतभर पाइप बाहेर आलेला होता. त्याला नळ नव्हता. तोंडात लाकडी गुट्टी ठोकलेली होती. गुट्टीच्या कडेने पाणी पाझरून खालच्या भिंतीवर शेवाळ धरलं होतं. पाणी प्यायला आम्हाला आतल्या टाकीवर जावं लागे. टीचर रोज सकाळी आल्या की आधी अंगठ्याने ती गुट्टी दाबून बघत, आणि मगच जागेवर उभ्या राहत.

दुसरी गोष्ट बेल झाल्यानंतरची. सगळी मुलं आत गेली की आमचे शिपाई मुरलीमामा गेटची एक फळी लावायचे आणि दुसरी हातात धरून उभे राहायचे. टीचर रस्त्याच्या वळणाकडे बघत असायच्या. रस्ता रिकामा असला तरी बघत असायच्या. मग टीचर मान खाली घालून म्हणायच्या, "लावा." मगच साखळी वाजायची. आम्ही वर्गाच्या खिडकीतून हे पाहायचो. सटाणा म्हणायचा, टीचरला कुणीतरी दिसतं. त्याच्या आजीच्या गावी अशी एक बाई होती म्हणे. मी त्याला गप्प करायचो, पण पुढे कितीतरी दिवस रिकाम्या रस्त्याकडे बघायला मला नको वाटायचं.

शाळेत हजेरीचा बिल्ला होता. वर्षभर एकही दिवस न चुकलेल्या मुलांना वार्षिक समारंभात पाहुण्यांच्या हस्ते पितळी बिल्ला मिळे. त्याचं आईबापांना फार अप्रूप. अंगात कणकण असली तरी गोळी देऊन मुलं पाठवायचे. बिल्ल्यांची नावं पुकारायला लागली की टीचर सभागृहातून उठून बाहेर जायच्या. आम्हाला वाटायचं, व्यवस्था बघायला जात असतील.

मी दहावीत गेलो. आमच्या घरात, मामाच्या घरात, अख्ख्या वस्तीत कुणी दहावीपर्यंत पोचलेला नव्हता. फादरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की जो पूर्वपरीक्षेला बसणार नाही त्याला शाळा बोर्डाला बसवणार नाही. पूर्वपरीक्षा जानेवारीत होती. तिच्या आधी काही दिवस माझा घसा दुखला, मग बरा झाला, मग ताप यायला लागला. गुडघे सुजले. एक गुडघा बरा व्हायचा, दुसरा धरायचा. मामी गोळी द्यायची, तेवढ्यापुरता ताप उतरायचा. दवाखान्यात जाऊ असं मामा म्हणाला, मीच म्हणालो, पेपर झाल्यावर जाऊ.

पहिल्या पेपरच्या दिवशी गोळी घेऊनही ताप उतरला नाही. रस्त्यात सार्वजनिक नळ होता. मी रुमाल भिजवला आणि गेट दिसेपर्यंत कपाळावर दाबून धरला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप सुचलं.

टीचरांचा हात मानेला लागला. तो नेहमी पुढे सरकायचा. त्या दिवशी तिथंच थांबला.

"कपाळ ओलं आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, घाम आलाय. जानेवारीच्या थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

"रुमाल दाखव."

मी खिशातून काढला. त्यातून पाणी ठिबकलं. टीचरांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला. राग मला कळला असता. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या.

"टीचर, आज पेपर आहे. नाही बसलो तर वर्ष जाईल."

"जाऊ दे."

"आमच्या घरात इथवर कुणी आलेलं नाही, टीचर."

"म्हणूनच." मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "गुडघे दुखतात? मुरली, टांगा बघा. याला एक पाऊल चालू देऊ नका."

मी रडलो. मागची मुलं माझ्या बाजूने आत जात होती आणि त्यांच्या हातात कंपासपेट्या होत्या. मुरलीमामांनी मला उचलून टांग्यात घातलं. टीचर शेजारी बसल्या आणि सिव्हिल हॉस्पिटल येईपर्यंत त्यांनी हात माझ्या मानेवरून काढला नाही. सगळा रस्ता त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, प्रार्थना असेल. नीट ऐकलं तर एकच शब्द होता. "पोचू. पोचू."

सांध्यांचा ताप होता. डॉक्टर म्हणाले, हा ताप हृदयावर जातो. अजून थोडे दिवस हिंडला-फिरला असता तर कठीण होतं. मला खाटेवरून उतरायची बंदी झाली.

त्या दिवशी शाळेत काय झालं ते सटाण्याने मला नंतर सांगितलं. बेल झाली, मुलं आत गेली, पण टीचर नव्हत्या, म्हणून 'लावा' म्हणायला कुणी नव्हतं. मुरलीमामा गेटची फळी धरून उभेच राहिले. फादर येऊन ओरडले तरी त्यांनी साखळी लावली नाही. दुपारी टीचर परत आल्या, त्यांनी सांगितलं, तेव्हा लावली.

मुरलीमामा मला बघायला वॉर्डात आले. बरोबर पेरू होते. मी पेरू खाऊ शकत नव्हतो, म्हणून ते स्वतःच एकेक खात बसले आणि बोलत राहिले. त्यांच्याकडूनच मला कळलं.

मी शाळेत यायच्या काही वर्षं आधी अनिल नावाचा मुलगा होता. सातवीतला. लागोपाठ दोन वर्षं त्याला हजेरीचा बिल्ला मिळालेला, तिसरा मिळणार होता. तेव्हा टीचर गेटवर मुलांच्या कपाळाला हात लावून ताप बघायच्या, जसं सगळेच बघतात. अनिल सकाळी आला, गेटाशेजारच्या नळावर रुमाल भिजवून त्याने कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं, आणि रांगेत उभा राहिला. टीचरांनी हात लावला. कपाळ थंड. त्या दिवशी खेळाच्या संचलनाची तालीम होती, भर उन्हात. अनिल झेंडा घेऊन पुढे होता. मैदानाची फेरी पुरी व्हायच्या आत तो पडला. दवाखान्यात नेला, दोन दिवस होता. मुरलीमामा म्हणाले, "त्याला उचलला तवा त्याच्या खिशातला रुमाल वलाच व्हता. टीचरनं तो हातात धरला न् तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मला म्हनली, मुरली, तो नळ काढा."

मी विचारलं, मग गेटवर त्या कुणाची वाट बघतात?

मुरलीमामांनी पेरूचं देठ काढलं, पिशवीत टाकलं. "मला काय ठावं? म्या इचारलं नाय. त्या म्हनत्यात तवर मी धरून उभा ऱ्हातो. माझं काय जातंय."

माझं वर्ष कसं वाचलं, हेही त्यांनीच सांगितलं. ते चहा घेऊन फादरांच्या दाराशी उभे होते आणि आत टीचर बोलत होत्या. फादर वाईट माणूस नव्हते. पण नियम एकासाठी वाकवला की सगळे येतील, असं त्यांचं म्हणणं. टीचरांनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "ताप असेल तर येऊ नको, हा आपलाच नियम. आला नाहीस तर वर्ष गेलं, हाही आपलाच. दोन्ही नियमांच्या मध्ये एक मूल गेलं, फादर. दुसरं मी नाही देणार." फादर खुर्चीवरून उठले. मग त्यांनी मुरलीमामांकडून चहा घेतला आणि आधी तो टीचरांपुढे ठेवला.

मी घरी आल्यावर मला शाळेच्या आजारपणाच्या खोलीत बसवून सगळे पेपर घेतले. लोखंडी खाट, हिरवा पडदा, डेटॉलचा वास, जखमांना लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली. मुरलीमामा मला पाठीवर घेऊन तिथे आणत. टीचर माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसायच्या. खिडकीतून गेट दिसत होतं. मी कॉपी करतोय का हे बघायची त्यांना गरज वाटली नाही. मार्चमध्ये मी बोर्डाला बसलो, पास झालो. त्या वर्षीच्या समारंभात हजेरीचे बिल्ले पुकारले गेले नाहीत. कुणी काही जाहीर केलं नाही. टीचर शेवटपर्यंत सभागृहात बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बेल झाल्यावर मात्र गेट तसंच अर्धं उघडं राहिलं.

माझ्या आजाराला पुढे कितीतरी वर्षं ठरावीक दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागणार होतं. कॉलेजात असताना टीचरांचं पोस्टकार्ड यायचं. त्यात नमस्कार नाही, खुशाली नाही. 'विंचूर, सुई घेतलीस का?' एवढंच. माझे मित्र हसायचे. मी ती कार्डं टाकली नाहीत.

अनिलबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. मी बी.ए. झालो त्या दिवशी पेढे घेऊन शाळेत गेलो होतो. आजारपणाच्या खोलीतच बसलो होतो. पेढा हातात धरून त्या म्हणाल्या, "त्याने मला विचारलं होतं. टीचर, जाऊ ना? मी म्हटलं, जा." मग त्यांनी पेढा मोडून अर्धा मला दिला आणि सुईचं विचारलं.

पुढे बी.एड. होऊन मला पेठला, तिकडच्या डोंगरी भागातल्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी टीचरांना भेटायला गेलो. त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. मी रस्त्याच्या वळणावर आलो तेव्हा बेल होऊन गेली होती. मैदान रिकामं होतं. मुरलीमामा, केस पूर्ण पांढरे झालेले, गेटची फळी धरून उभे होते. शेजारी टीचर. त्या वळणाकडेच बघत होत्या, म्हणजे माझ्याकडे.

एवढी वर्षं त्या ज्या रिकाम्या रस्त्याकडे बघत आल्या त्याच्यावर आता कुणीतरी चालत येत होतं, आणि ते मी होतो. मला पुढे जायला कसंतरीच वाटलं. त्यांनी हाताने बोलावलं, जसं उशीर झालेल्या मुलाला बोलवतात. मी जवळजवळ पळतच गेलो. त्यांचा हात माझ्या कानामागे आला. तो बराच वेळ तिथं राहिला.

"थंड आहे," त्या म्हणाल्या. मग, "किती उशीर केलास रे."

त्यांनी मला ओळखलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मला विंचूर म्हणून त्यांनी हाक मारली नाही. मी मुरलीमामांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. मी म्हणालो, हो टीचर, झाला उशीर. त्या आत वळल्या, मीही त्यांच्यामागे गेटातून आत गेलो. 'लावा' म्हणायचं त्या विसरल्या. मी निघालो तेव्हा मुरलीमामा तसेच फळी धरून उभे होते.

त्या वर्षाअखेर टीचर संगमनेरकडे भावाच्या घरी राहायला गेल्या. मी पेठहून त्यांना पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, मी मागितलंही नव्हतं. त्यांच्या भाचीने पुढे कळवलं की त्यांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. माझ्याकडे कच्ची प्रत आहे, ती इथे उतरवतो.

आदरणीय टीचर,

सप्रेम नमस्कार. सुई घेतली. डॉक्टर म्हणाले, आता हृदयाची काळजी नाही.

इथली शाळा डोंगरावर आहे. मुलं वसतिगृहात राहतात, काही जवळच्या पाड्यांवरून चालत येतात. गेट नाही. दोन दगड आहेत, त्यांच्यामधून मुलं येतात. मी तिथं सकाळी उभा राहतो आणि सगळ्यांच्या कानामागे हात लावतो. पहिल्यांदा मुलं घाबरली, मग हसायला लागली. आता एखाद्याचं राहिलं तर तो परत येऊन मान पुढे करतो.

परवा एका मुलीचं कपाळ ओलं होतं. वाटेत ओढ्यावर तिने तोंड धुतलं होतं. मान गरम होती. तिच्या पाड्यावर परत पाठवायचं तर डोंगर उतरून चालावं लागेल, म्हणून मी इथंच ऑफिसात खाट टाकली आहे. तिला पेठच्या दवाखान्यात नेलं. हिवताप निघाला. बरी आहे. तिची परीक्षा बुडाली होती, ती मी खाटेवर घेतली. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

मुलं विचारतात, सर, मानेला का हात लावता? मी सांगतो, ही अनिलची पद्धत आहे. कोण अनिल, असं विचारतात. मी सांगतो, आमच्या शाळेतला एक मुलगा होता, झेंडा धरायचा.

टीचर, तुम्ही मला शेवटचं भेटलात तेव्हा मी गेटातून आत आलो होतो. माझ्याबरोबर आणखी कुणी आलं असेल तर तेही आत आलं आहे, असं मी धरून चालतो. तुम्हीही तसं धरा. मुरलीमामा अजून फळी धरून उभे असतील. त्यांचे पाय दुखत असतील.

सगळी मुलं आत आली आहेत, टीचर. लावा म्हणा.

आपला विद्यार्थी,
विंचूर